गोलकीपरचं किट आणि गच्चीवरची टाकी

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी दहा. जागा : चिखलीतल्या आमच्या सोसायटीची गच्ची. हजर : मी, नववीतली माझी मुलगी, शेजारच्या, मूळच्या कोकणातल्या काकू आणि न बोलावता आलेले सोसायटीचे सेक्रेटरी. गैरहजर : नवरा, चाकणला कंपनीत ओव्हरटाइमवर.

मुलगी हॉकीत गोलकीपर आहे. किट क्लबचं. तिच्याआधी तीन मुलींनी ते घामाने भिजवलंय आणि कुणीही आतून धुतलेलं नाही. शुक्रवारी व्हॅनमधल्या मुलींनी तिच्या बॅगेला नाव ठेवलं, 'मेलेला उंदीर'. घरी येऊन ती म्हणाली, "सोमवारी सरांना सांगणार. मला गोलमध्ये उभं राहायचं नाही."

आवडत नाही म्हणून सोडत असती तर मी एक शब्द बोलले नसते. वासासाठी सोडणं मला मान्य नव्हतं. माझे वडील फाउंड्रीत होते. त्यांच्या शर्टाला तेलाचा, घामाचा वास यायचा आणि आम्ही भावंडांपैकी कुणी नाक मुरडलं की आई समोरचं ताट उचलून न्यायची.

"सोमवारपर्यंत थांब," मी म्हटलं आणि वही काढली.

पहिली चूक माझीच. शनिवारी चेस्ट गार्ड बादलीत बुडवला आणि सुवासिक फॅब्रिक कंडिशनरची दोन झाकणं ओतली. दुपारपर्यंत उंदीर गुलाबाच्या बागेत मेल्यासारखा वास सुटला. वहीत लिहिलं : कंडिशनर नाही. वास झाकायचा नाही, काढायचा.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आमच्याकडे हेल्मेट कोण अख्खं धुतं? आतली पट्टी काढतात, ती धुतात. आधी सुटं कर."

मग आम्ही दोघींनी सगळं सुटं केलं. हेल्मेटचं अस्तर, पॅडचे पट्टे, चेस्ट गार्डचा कपडा. एक मग व्हिनेगरला चार मग पाणी, अर्धा तास. नंतर साधा साबण, तीनदा खळबळून, टॉवेलमध्ये दाबून. पिळायचं नाही, स्पंज फाटतो. कडक उन्हात टाकायचं नाही, स्पंज कडक होतो. सावली हवी आणि वारा हवा. आमच्या इमारतीत दोन्ही एकत्र फक्त गच्चीवरच्या टाकीखाली मिळतात.

रविवारी सकाळी तिथेच सेक्रेटरी आले. "ताई, हे काय मांडलंय? लोकांच्या तक्रारी येतात."

"कुणाच्या?"

"नावं कशाला? आणि मी म्हणतो, मुलीच्या जातीला हे कशाला? बॅडमिंटन लावा. स्वच्छ खेळ."

"भाऊ, गच्चीवर काय वाळवायचं नाही याचा नियम दाखवा. असेल तर आत्ता उचलते. या काकूंची सुकट आठवडाभर इथेच होती, तेव्हा तुम्ही वाटीभर घरी नेलीत."

काकू लगेच म्हणाल्या, "वाटीभर काय, डबाभर नेलान!"

सेक्रेटरींनी टाकीकडे बघितलं. तेवढ्यात मुलीने हेल्मेट उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. "काका, वास घ्या."

"अगं, राहू दे..."

"तक्रार आहे ना? मग घ्या की."

त्यांनी आधी लांबूनच हुंगलं. मग जरा जवळून. काकूंनी हेल्मेट ओढून घेतलं, नाक आत खुपसलं आणि निकाल दिला, "काय नाय. लोणच्यासारखो येता जरासो."

"पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो," म्हणत सेक्रेटरी जिना उतरले. मीही मागून सांगितलं, "घ्या. मी वही घेऊन येते."

ग्लोव्ह्ज मात्र हरले नाहीत. त्यांचा स्पंज आत शिवलेला. वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवले, दोनदा व्हिनेगर दिलं, तरी हात घातला की उंदीर हजर.

सोमवारी मुलगी बॅग खांद्याला लावून व्हॅनमध्ये चढली. सरांकडे ती गेली, पण विचारायला : क्लबचे ग्लोव्ह्ज आहेत, शिवण उसवून आतून धुतले तर चालतील का? सर म्हणाले, वरती विचारून सांगतो. परवा तिने त्याच ग्लोव्ह्जनी दोन गोल अडवले.

सरांचा निरोप अजून नाही. जाड सुई आणि दोरा आणून ठेवलाय. ग्लोव्ह्ज उसवायचे राहिलेत.