पत्रिका जुळत नाही

बदलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या बेबीमावशी पंचाहत्तरीतही बेबीच होत्या, आणि लग्नं जुळवणं हा त्यांचा फुकटचा उद्योग होता. वांगणीपासून उल्हासनगरपर्यंत कोणाची मुलगी उपवर झाली, कोणाच्या मुलाला टक्कल पडायला लागलं, सगळं तोंडपाठ. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांचा एक नियम मात्र ठरलेला. पोहे संपत आले की त्या मुलीला स्वयंपाकघरात न्यायच्या, दार लोटायच्या आणि विचारायच्या, "आता खरं बोल. हो, नाही, की विचार करू?"

मलाही विचारलं होतं. मुलगा अंबरनाथचा, आनंदनगरच्या कंपनीत सुपरवायझर, घरचे सगळे खूश. मी म्हटलं, "मावशी, तो हसला की बोकड ओरडल्यासारखं वाटतं." मावशींनी बाहेर जाऊन गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, "पत्रिका जुळत नाही." पत्रिका अजून कोणी कोणाला दिलीच नव्हती. बाबांनी त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला. मावशी रोज आमच्याकडे चहाला येतच राहिल्या.

मग मावशींच्या छातीत गाठ निघाली. त्यांचा मुलगा सुरेश आणि मी त्यांना घेऊन उल्हासनगरला डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला आणि सुरेशकडे बघून सुरुवात केली, "देखो भाई, माताजी की उमर..."

"ओ डॉक्टर," मावशी म्हणाल्या, "नवरी इकडे बसलीय. वऱ्हाडाशी काय बोलताय?"

डॉक्टर हसले आणि खुर्ची वळवून त्यांच्याशी बोलू लागले. कॅन्सर आहे, असं सरळ सांगितलं. मावशींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "बरं. स्थळं किती?"

स्थळं दोन होती. परतताना शेअर रिक्षात मावशी आम्हाला समजावत होत्या, "पहिलं ऑपरेशन आणि केमोचं. तालेवार आहे, पण तापट. केस नेणार, तोंडाची चव नेणार. दुसरं नुसत्या गोळ्यांचं. गरीब, शांत. आजार दाबून ठेवील, घालवीलच असं नाही." शेजारच्या अनोळखी बाईंनी शेवटचं तेवढंच ऐकलं असावं. त्या म्हणाल्या, "गरीब चालेल हो, स्वभाव बघा."

रविवारी मावशींच्या घरी बैठक बसली. सुरेश, त्याची बायको, वांगणीहून आलेली बहीण, सगळे पहिल्या स्थळाच्या बाजूने. "आईला काय विचारायचंय? आई वाचली पाहिजे, बास!" सुरेश म्हणाला. रडून त्याचे डोळे सुजले होते. आणि ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं, त्या आत सगळ्यांसाठी पोहे करत होत्या. मला भयंकर राग आला.

मी आत गेले आणि दार लोटलं. "मावशी, आता खरं बोला. हो, नाही, की विचार करू?"

मावशींचा हात कढईत थांबला. मग त्यांनी पदराने डोळे पुसले.

"मला हे कोणी विचारलंच नव्हतं गं. माझ्या लग्नातसुद्धा."

मग नाक ओढून म्हणाल्या, "दुसरं. मिळतील तेवढे दिवस मला चवीने खायचंय आणि लोकांच्या घरात नाक खुपसायचंय. अंथरुणावर पडून ते जमणार आहे का?"

मी बाहेर आले. मावशींसारखंच जाहीर केलं, "पत्रिका जुळत नाही."

"कसली पत्रिका?" सुरेश भडकला. तेवढ्यात मावशी पोह्यांचा ट्रे घेऊन आल्या आणि बाकीचं त्यांनीच सांगितलं. सुरेश भांडला, रुसला, आणि शेवटी दोन बशा पोहे खाल्ले.

मावशी त्यानंतर दोन वर्षं होत्या. तेवढ्यात पाच लग्नं जुळवली, त्यातलं एक त्या डॉक्टरांच्या कंपाउंडरचं. मावशींची आठवण आली नाही असा माझा एक चहा जात नाही.

परवा सुरेशच्या लेकीला बघायला मंडळी आली होती. मुलगा इंजिनियर, सुरेशला एकदम पसंत. पोहे संपत आले तसा सुरेश उठला, लेकीला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि त्याने दार लोटलं. पाच मिनिटांनी बाहेर आला आणि घसा खाकरून म्हणाला, "माफ करा, पत्रिका जुळत नाही."

मुलाची आई गोंधळून म्हणाली, "अहो, पण पत्रिका आम्ही अजून दिलीच कुठे?"