गोंड्याचा वास

मशीनमध्ये कपडे कोंबायचे, झाकण लावायचे आणि बटण दाबायचे, एवढेच धुणे मला माहेरी ठाऊक होते. लग्न होऊन सूर या अरबी बंदरगावी आले आणि सासूबाईंनी, म्हणजे रय्याआत्यांनी, पहिल्याच आठवड्यात माझी शिकवणी घेतली.

"मशीनला डोळे आहेत का ग? नाहीत ना? मग बघायचं आपण, फिरायचं तिनं."

धुण्याचा दिवस म्हणजे त्यांचा दरबार. अंगणात चटई, चटईवर पुरुषांच्या पांढऱ्या पायघोळ झग्यांचा, म्हणजे दिशदाशांचा, ढीग आणि मध्ये आत्या. रंगीत लुंग्या वेगळ्या काढायच्या, खिसे उलटे करून झटकायचे, गळपट्टीला साबण चोळायचा. सगळ्यात शेवटी गळ्याशी लोंबणारा गोंडा. तो मोकळा राहिला तर मशीनमध्ये त्याचे दोरे गुंततात, म्हणून त्यावर चिंधी बांधायची. बांधण्याआधी आत्या प्रत्येक गोंडा हुंगायच्या. दर शुक्रवारी ते गोंडे अत्तरात बुडवायच्या त्याच, त्यामुळे त्यावर कोणता परका वास चढला हे त्यांना लगेच कळे.

"तुझा नवरा परत सिगारेटवाल्यांत बसायला लागलाय," त्या मला सांगायच्या. मग मी हारिबची हजेरी घ्यायची.

एकदा सासऱ्यांचा गोंडा हुंगताना त्या थांबल्या. पुन्हा हुंगला. मग झटकून झालेला खिसा परत उलटा केला, तर शिवणीत अडकलेले माशाचे खवले चटईवर पडले.

माझे सासरे खलफान. उभा जन्म होडीत गेला. हृदयाचे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी समुद्र बंद केला, तेव्हापासून ते रोज पहाटे नमाजानंतर मित्रांबरोबर काहवा प्यायला जात. निदान आम्हाला तसे सांगत. येताना बाजारातून ताजी सुरमई आणत आणि आम्ही सगळे त्यांच्या पारखीचे कौतुक करत जेवायचो.

"पेट्रोल," आत्या म्हणाल्या. "दिशदाशा काढून इंजिनाजवळ ठेवतो म्हातारा. आणि मी मेली बाजारातल्या सुरमईची तारीफ करतेय."

एकटा माणूस, भर समुद्रात, असल्या काळजाचा. "आत्या, हारिबला सांगू या. तो आजच होडी विकून टाकील."

"विकील की. मग हा भिंतीकडे तोंड करून झोपेल आणि उठायचा नाही. मी ओळखते माझ्या माणसाला. तू गप्प बस."

दिशदाशा धुऊन, वाळवून, इस्त्री करून झाला. गोंडा अत्तरात बुडवून झाला. मग आत्यांनी कपाटातून जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचे नवे पाकीट काढले आणि त्या खिशात सरकवले. खिसे रिकामे करणाऱ्या या बाईला खिसा भरताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"त्यांना दिसलं तर?"

"दिसावं म्हणूनच ठेवलंय."

ते त्यांना दिसले असणारच. पण जेवताना सासऱ्यांनी आत्यांच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला, इतकेच.

पुढच्या धुण्याला आत्यांनी सगळ्यात आधी त्यांचाच खिसा तपासला. पाकीट निघाले. त्यातली एक गोळी नव्हती.

आत्या पाकीट हातात धरून बसून राहिल्या. "दुखलं असणार त्याला," त्या म्हणाल्या. "तिथं पाण्यावर, एकट्याला. मला भीती वाटतेय ग." त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आले. त्यांनी मात्र डोळे पुसले, गोंड्याला चिंधी बांधली आणि मशीन सुरू केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवून किनाऱ्यावर नेले. सासरे मशिदीतून तिथे आले तेव्हा आत्या अबाया गुडघ्यापर्यंत खोचून होडीच्या पुढच्या फळीवर बसल्या होत्या.

"उम्म हारिब," सासरे म्हणाले. हारिबची आई म्हणून ते आत्यांना याच नावाने हाक मारत. "तू इथं काय करतेस?"

"कपडे सांभाळायला आलेय. तुम्ही इंजिनाजवळ टाकता, मग वास जात नाही."

"अगं, तुला होडी लागते. ओकशील."

"ओकीन. पण इथंच बसून ओकीन."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी समुद्राकडे पाहिले. मग त्यांनी दिशदाशा काढला, गोळ्या खिशात आहेत ना ते चाचपून पाहिले, नीट घडी केली आणि ती आत्यांच्या मांडीवर ठेवली.

मी होडी पाण्यात ढकलली.