बांदिनो न्हाव्याचा स्वर्ग

मोंतेरोल्लो गावात नरकात जायला ही झुंबड! दर उन्हाळ्यात चौकात नरकापासून स्वर्गापर्यंतच्या प्रवासाचं एक जुनं काव्य तोंडपाठ म्हणायचं, एकेकाने एकेक सर्ग, ही तिथली रीत. सैतान आणि उकळतं डांबर आलं की लोक टाळ्या पिटणार. स्वर्ग लागला की जांभया. तरी बांदिनो न्हाव्याला हवा होता स्वर्गच, तोही शेवटचा सर्ग.

घोगऱ्या आवाजापायी त्याच्या वाट्याला जन्मभर नरकच आला. बिचाऱ्याने कधी ब्र काढला नाही. पण आता वय झालं, पुढच्या उन्हाळ्याचा काय भरवसा, म्हणून यंदा तो हटून बसला. सर्गांची वाटणी मेहुण्याच्या, तेलघाणीवाल्या तोरेल्लोच्या हाती. तो म्हणाला, "दाजी, तुमच्या आवाजाने देवदूतांची पिसं गळतील." बांदिनोच्या बायकोने, एर्सिलियाने, भावाशी अबोला धरला तेव्हा कुठे स्वारी नमली.

सर्ग पाठ झाला तो दुकानात, गिऱ्हाइकांच्या दाढ्या करता करता. महिनाभर सारं गाव फेसाखालून स्वर्ग ऐकत होतं.

आणि त्या संध्याकाळी बांदिनो कोट घालून चौकात उभा राहिला, पहिली ओळ म्हणाला आणि ठप्प! पुढचं काही केल्या आठवेना. रिकामे हात नुसते लोंबकळत होते. मागे कुणीतरी फिसकन हसलं. फार वाईट वाटलं हो बघताना.

एर्सिलियाला त्या हातांकडे बघूनच उमगलं. ती दुकानातून खुर्ची, वस्तरा, साबणाची वाटी घेऊन आली. पण दाढी आणायची कुठून? सणासाठी सकाळीच त्याने अख्खा गाव तुळतुळीत केलेला. उरला एकटा तोरेल्लो, लग्नाआधीपासून दाढी जपणारा. त्याने बहिणीकडे पाहिलं, एक अस्सल शिवी हासडली आणि खुर्चीत बसला.

"चालू द्या, दाजी. कान तेवढे ठेवा."

कात्री चालली, फेस लागला, वस्तरा फिरला आणि ओळींमागून ओळी आल्या. उजवा गाल साफ झाला. सर्गाच्या शेवटी, जिथे साक्षात देवाचा प्रकाश दिसतो, तिथे पोचल्यावर मात्र हात थांबला, ओळी थांबल्या नाहीत. बांदिनोला पत्ताच नव्हता. आवाज तोच घोगरा, पण कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

सर्ग संपला, टाळ्या उसळल्या, तसा तो भानावर आला आणि ओशाळून डाव्या गालाकडे वळला. तोरेल्लोने त्याचं मनगट धरलं. डोळ्यांतलं पाणी फेसात उतरत होतं.

"उरलेली उद्या, दाजी. एवढ्यात खाली येऊ नका."