बाबांची राहिलेली सहल

लेक अडीच वर्षांची असताना आम्ही थीम पार्कला जायचं ठरवलं. शांती नगरच्या घरी नवऱ्याने तिला भिंतीशी उभं करून टेपने मोजलं. बहुतेक राइड्ससाठी तिची उंची कमी पडत होती.

"दोन वर्षांनी जाऊ या," मी म्हणाले.

तो टेप गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "शाळेची सहल अशाच पार्कला गेली तेव्हा मला गोवर आला होता. मी पालीच्या घरी पडून होतो. नंतर कधी जाणंच झालं नाही."

लग्नाला सहा वर्षं होऊनही मला हे माहीत नव्हतं.

"तिकिटं काढ. हिला मी सांभाळते, तू सगळ्या राइड्समध्ये बस."

पार्कात लेक माझ्या खांद्यावरच झोपली. उंच पाळण्यातून तो हात हलवत ओरडत होता. मी झोपलेल्या लेकीचा हात धरून त्याला टाटा केला.