तलवारीची खाच आणि क्षमावाणी

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, म्हणजे लाज वाटायला फार वेळ मिळणार नाही. माणसानं मूर्खपणा करावा, पण एका सकाळीत किती करावा याला काही प्रमाण? मी क्षमावाणीच्या दिवशी, निपाणीतल्या आमच्या घरात, बायकोपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना आरोपी करून ठेवलं. आणि कशापायी? एका तलवारीपायी.

हसताय ना? जैनाच्या घरात तलवार म्हटलं की सगळे इथंच हसायला लागतात. आमच्याकडं कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि तिथं मी जपानी पद्धतीची तलवार आणली. आयती विकत नाही बरं का, माप देऊन करवून घेतली. मोबाईलवर त्या लोकांचे व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं होतं. दिवसभर बँकेत बसून पासबुकं छापणाऱ्या माणसाला संध्याकाळी गच्चीवर सामुराई व्हावंसं वाटलं, तर त्यात वावगं काय?

कंग्राळीच्या परशराम लोहारानं सात महिने घेतले. ट्रकच्या कमानीचं पोलाद, शिसवी म्यान, दोरी गुंडाळलेली लांबलचक मूठ. मुठीचं माप ऐकून तो म्हणाला होता, "मालक, दोघांनी मिळून धरायची हाय व्हय?" लायसनचे कागदसुद्धा रीतसर केले. उगाच तुमच्या मनात शंका नको.

पण खरं लायसन घ्यायचं होतं आप्पांचं. आप्पा म्हणजे आमचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, मुंगी दिसली की वाट बदलणारा माणूस. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "ठेव. पर तिनं कायबी कापायचं न्हाय. एकदा जरी कापलंस, तर मी सोता उचलून लोहाराच्या भट्टीत घालून येणार."

"मग आप्पा, हवा तरी कापू काय?"

"काप. हवेत बी जीव असत्यात, पर तुला तेवढं कळंल ही आशा न्हाय."

तर मी हवा कापत होतो. मग पाऊस लागला. दमट हवेत पोलाद गंजतं, म्हणून तेल लावून, म्यानात घालून, वरून जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून ती कपाटावर ठेवून दिली. तीन महिने हात लावला नाही.

क्षमावाणीच्या सकाळी चक्क ऊन पडलं. म्हटलं जरा हवा दाखवू. म्यानातून काढली आणि बघतो तर धारेला, टोकापासून वीतभर मागं, जोंधळ्याच्या दाण्याएवढी खाच.

खाच म्हणजे कुणीतरी माझ्या माघारी हिच्यानं काहीतरी कापलं होतं. आणि तीन आठवड्यांवर खंडेनवमी. आप्पा तलवार पाटावर ठेवणार, स्वतः हळदकुंकू लावणार, म्हणजे खाच दिसणारच. मी नाही केलं म्हणून सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? तलवार सरळ भट्टीत. तेव्हा त्याच्या आत गुन्हेगार सापडायला हवा, आणि तोही तलवारीचं नाव न काढता. आमच्या घरात एका खोलीत बोललेलं आप्पांना दुसऱ्या खोलीत ऐकू येतं.

आता क्षमावाणी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दशलक्षणाचे दहा दिवस संपले की आमच्यात सगळे सगळ्यांना हात जोडून म्हणतात, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. समोरचाही तेच म्हणतो. कशाबद्दल, ते कुणी विचारत नाही. विचारायचंच नसतं. पिढ्यान् पिढ्या असं चाललंय.

मी विचारलं.

पहिली आली सुवर्णा, आमची मंडळी. "अहो, वर्षभरात काय चुकलं असलं तर क्षमा करा." दर वर्षी हेच म्हणते. पण त्या दिवशी मला तिची नजर जरा चुकार वाटली.

"नेमकं कशाबद्दल?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"उगाच कोण हात जोडतंय? कायतरी असणारच."

ती पदराशी चाळा करायला लागली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

बघा, अशी सापडतात माणसं. मी आपलं अंधारात दगड मारला, "मला सगळं कळलंय."

"तुमचा त्यो निळा शर्ट," ती हळूच म्हणाली, "इस्त्रीवाल्यानं हरवला न्हवता. मीच भांडीवालीला दिला. एका पातेल्यापायी."

त्या इस्त्रीवाल्याशी मी वर्षभर बोलत नव्हतो. पण मला शर्टाचं काय करायचं होतं? मला खाच हवी होती.

तेवढ्यात चिकोडीहून मेव्हणा आला, शीतल. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून म्हणाला, "दाजी, उत्तम क्षमा."

"नेमकं कशाबद्दल?"

गडी हुशार. हसला. "सगळ्याबद्दलच की."

"सगळं म्हणजे काय काय? कवा? कशानं?"

त्यानं बहिणीकडं बघितलं. बहिणीनं मान हलवली, यांना सगळं कळलंय म्हणून. तो मटकन खुर्चीत बसला. "दाजी, तुमच्या गाडीचा बंपर मी धडकवलता. चिकोडीच्या स्टँडजवळ. रंग मारून आणून ठिवली."

माझी गाडी! पण तलवार नव्हे. आता माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालला. जोडलेल्या हातांमागं एवढं दडलेलं असतं, तर खाच किती खोल दडली असेल?

मग शेजारचे चौगुले काका. निवृत्त मास्तर, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. फाटकातूनच हात जोडले. मी फाटकाला कडी घातली आणि विचारलं, "काका, नेमकं कशाबद्दल?"

काकांचा चेहरा पडला. "वायफाय," ते म्हणाले.

"काय?"

"तुझा वायफाय वापरतोय रं. दोन वर्सं झाली. पासवर्ड म्हणून गाडीचा नंबर ठिवलायस, दारातच उभी असती, त्याला मी काय करू?"

अकरा वाजेपर्यंत गल्लीभर झालं की अजितला सगळं कळलंय. आमच्या दारापुढून माणसं खाली बघून जायला लागली. दोघांनी तर पलीकडच्या फुटपाथवरूनच हात जोडले आणि सुटले. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. यातलाच एक आहे.

आणि आप्पा बस्तीतून देवदर्शन करून आले.

आमच्यात वडीलधारेही धाकट्यांची क्षमा मागतात. आप्पा माझ्यासमोर आले, हात जोडले. "अजित, म्हाताऱ्याचं काय चुकलं असंल तर क्षमा कर बाबा."

खाली वाकून पाय धरायचे की नाही? पण सकाळपासून जिभेला सवय लागली होती.

"नेमकं कशाबद्दल, आप्पा?"

सुवर्णानं डोळेच मिटून घेतले. आप्पा मात्र शांतपणे बसले. "बरं झालं इचारलंस. मनात ठिवून जीव जड झालता. तुझी ती तलवार, तुझ्या माघारी मी काढलीया."

मुंगीला वाट देणारे आमचे आप्पा? "तुम्ही? आप्पा, काय कापलंसा?"

"मी कशाला काय कापू? तुझ्यावर इश्वास न्हवता, म्हणून काढून बघितली. त्याचीच क्षमा मागाय आलतो. खाच दिसली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तीन म्हैनं झालं. म्हटलं पोरगं आज सांगंल, उद्या सांगंल. क्षमावाणीला तरी सांगंलच. आन तू मलाच इचारतोस व्हय रं?"

"आप्पा, शपथ घेतो, मी काही कापलेलं नाही."

"शपथ नगं. फोन काढ. घरच्या ग्रुपवर तू टाकलेला त्यो व्हिडिओ लाव."

लावला. पावसाच्या तोंडाशी तलवारीसाठी मागवलेला लाकडी स्टँड आला होता. खोक्याला लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. व्हिडिओत मी बनियनवर, दोन्ही हातांनी तलवार डोक्यावर उचलून उभा. "हा!" करून ओरडतो. पट्टी तुटते, आणि टिंग असा स्वच्छ आवाज येतो. मग माझाच आवाज: "ऐकला काय? ह्याला म्हणायचं पोलाद." खाली मीच लिहिलेलं, 'पहिला वार'. अकरा अंगठे, त्यातला पहिला माझा.

खरं सांगतो, पार्सल उघडणं म्हणजे कापणं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी पाऊस लागला, घाईनं तेल फासलं आणि वर ठेवून दिली. धारेकडं बघितलं कुणी?

शीतल पंख्याकडं बघत बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आप्पांचे पाय धरले. तीन महिने तो माणूस माझ्या एका शब्दाची वाट बघत होता, आणि मी त्यांचीच चौकशी लावली होती.

आप्पांनी मला उठवलं आणि म्हणाले, "पट्टीत जीव न्हवता. तलवार ऱ्हाऊ दे. पर सकाळपासनं ज्येच्या ज्येच्या जिवाला घोर लावलास, त्येच्या दारात जाऊन ये."

गेलो. इस्त्रीवाल्यापासून सुरुवात केली. चौगुले काकांनी मोठ्या मनानं माफ केलं, पासवर्ड बदलायचा नाही या अटीवर.

दुसऱ्या रविवारी खाच घासून घ्यायला तलवार कंग्राळीला नेली. परशरामनं ती उन्हात धरली, नखानं खाच चाचपली आणि माझ्याकडं संशयानं बघितलं. "काय कापलंसा, मालक?"

"पट्टी. पार्सलची."

त्याची बायको भात्यावर बसली होती, तिनं भाता थांबवला. परशरामनं तलवार मांडीवर आडवी ठेवली आणि लहान पोराला विचारावं तसं हळू विचारलं, "घरात कात्री न्हवती व्हय?"

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? होती. व्हिडिओत दिसते, माझ्या पायाशीच.