दोनच शब्दांत उत्तर

माझी नात नर्स आहे. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजी ऐकून उत्तरं लिहायची परीक्षा तिनं दुसऱ्यांदा दिली. काल सात रस्ता चौकातल्या तिच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये निकाल बघून तोंड पाडून आली.

“आजी, गेली गं. ऐकलं सगळं बरोबर, पण दोनच शब्दांत लिहायचं होतं. सूचना वाचली होती, तरी पूर्ण वाक्यंच लिहून आले, हात थांबत नाही.”

“मग जादा शब्दांचे मार्क कापायचे की!”

“नाही गं, अख्खं उत्तरच चूक धरतात.”

ती लहान असताना शेजारी बसून मीच बजावायचे, पूर्ण वाक्यात लिही, अर्धवट उत्तर देऊ नकोस. ती सवय अंगात मुरली बघा. या निकालावर ठरलेली तिकडची नोकरी आता हातची गेली. परत परीक्षेला बस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.