एकदाच विचारलेलं पाणी

“आई, तू कारमध्ये बस, फोटो काढ.” माझा मुलगा निखिल अमेरिकेतल्या त्याच्या बेलव्ह्यूच्या घरी जेवता जेवता हे म्हणाला आणि त्याच घासाला माझं जायचं ठरलं. पस्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. पर्जन्यछायेचा प्रदेश फळ्यावर किती वेळा काढला असेल! एकदा त्या आकृतीतल्या कोरड्या पायथ्यापासून पायी वर चढायचं होतं. गुडघे माझे आहेत, त्याचे नाहीत.

सून केतकी सोबत यायला तयार झाली, पण एक अट घालून: माझं पाणी मध्येच संपलं तर दोघींनी परत फिरायचं, वाद नाही. मी मान्य केलं.

लॉस एंजेलिसहून भाड्याच्या गाडीने उत्तरेला साधारण चार तासांवर लोन पाइन हे डोंगराच्या कोरड्या पायथ्याचं गाव लागतं. वीकएंडला मोटेलवाले लाज सोडून भाडं वाढवतात, तेव्हा मधला वार गाठा. वाट गावाबाहेरच्या कॅम्पग्राउंडमधून निघते. वरच्या पार्किंगपर्यंत साडेसहा किलोमीटर, तिथून आम्हाला गाठायचं होतं ते डोंगरातलं तळं आणखी साडेचार. तळ्यापर्यंत आम्हाला परवाना लागला नाही, त्यापुढे लागतो. निघण्यापूर्वी चौकशी करा.

पहाटे साडेपाचला कॅम्पग्राउंडवर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, वॉल्टर, पाण्याचा मोठा कॅन घेऊन उभे होते. माझ्या दोन बाटल्या बघून त्यांनी विचारलं, आणखी एक भरून देऊ का? कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं “नो, थँक यू” आणि पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं नसतं ही आईची शिकवण, दोन्ही एकदम तोंडातून बाहेर पडली. मग मी थांबले. आता ते म्हणणार, अहो घ्या हो, संकोच कसला.

“ओके,” ते म्हणाले आणि झाकण लावलं.

आग्रह नाही, काही नाही! पहिला किलोमीटरभर मी अमेरिकन पाहुणचाराचा उद्धार करत चालले. मग समोरचे कडे गुलाबी झाले, बघता बघता नारिंगी, आणि मी एकदाची गप्प झाले. पायाखाली रेती, खुरटी झुडपं, चुरगाळल्यावर ओव्यासारखा उग्र वास देणारी पानं. ओढ्याचा आवाज खालून येतो, पण तिथे उतरायला वाट नाही. आठ वाजताच ऊन टोचायला लागलं.

पाचव्या किलोमीटरला माझी दुसरी बाटली संपली. मी ती तोंडाला लावत राहिले.

“आई, रिकाम्या बाटलीतून अजून किती पिणार आहात?” केतकीने विचारलं. स्वतःच्या बाटलीतलं मला पाजलं आणि पाठीवरची बॅग सरळ केली. “ठरलं होतं. चला खाली.”

अट तिची असली तरी शब्द मी दिला होता. मी वळलेसुद्धा. आणि वळणावरून काठ्या टेकत वॉल्टर वर आले. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, बाटली पुढे केली.

“येस, प्लीज,” त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले.

“सकाळी का नाही घेतलं?” केतकीने विचारलं.

“त्यांनी एकदाच विचारलं.”

ती हसून हसून दगडावर बसली. माझी एक बाटली भरली गेली आणि तोंड पुन्हा वरच्या दिशेला झालं.

पार्किंगपाशी पोचल्यावर नळ, सावली आणि तिथल्या दुकानात ताटाएवढा पॅनकेक. दोघींत एकच मागवा. पुढे पाइनच्या सावलीतून वळणं चढत गेलो, ओढा लाकडी ओंडक्यांवरून ओलांडला आणि दुपारी एक वाजता तळं आलं. तीन हजार मीटरची उंची. हिरवं, गार, पलीकडचा काठच नसल्यासारखं, आणि दूर खाली सकाळचं तपकिरी वाळवंट. एका दिवसात, माझ्या पायांनी. मी बूट काढून पाण्यात पाय सोडले आणि शाळकरी मुलीसारखी किंचाळले.

पार्किंगपर्यंत उतरून, सांगून ठेवलेल्या गाडीने गावात परतलो.

बेलव्ह्यूला येऊन आठवडा झाला. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. तिथल्या पानांचा वास टोपीतून जात नाही, आणि मी टोपी धूत नाही. काल निखिल सहज म्हणाला, “केतकी पुढच्या वर्षीही जायचं म्हणतेय. तू येशील का गं?”

माझं नेहमीचं उत्तर आहे, बघू, उगाच तुम्हाला त्रास कशाला. त्याला तेच अपेक्षित होतं. बोलता बोलता तो फोनकडे वळलाही होता.

“येणार,” मी म्हटलं.